आजोबांची घाटाची वही आणि कृष्णेचं बदललेलं पाणी

हरिपूरचा_नातू · रविवार, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसलो.

आमचं घर हरिपुरात, वाड्यामागं छोटा घाट. वारणा कृष्णेला मिळते ती जागा तिथून दिसते. आजोबा पहाटे अंघोळीला घाटावर जायचे आणि परत आले की देवघराशेजारच्या वहीत एक ओळ लिहायचे. वरून किती पायऱ्या उघड्या आहेत, आणि पाणी कसं आहे. बस्स, एवढंच. "पाय. 21. निवळ." "पाय. 6. गढूळ. वारणा फुगली." 1957 च्या पावसाळ्यापासून अशा वह्या आहेत. मधली काही वर्षं गहाळ आहेत. आजोबांच्या मागं वडिलांनी लिहिलं, आता मी लिहितो.

गावात कुणालाही विचारा, "कृष्णामाई आटली" हेच उत्तर मिळतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून गेल्या महिन्यात सगळ्या वह्या काढून कोष्टक करायला घेतलं, तर गोंधळ वाढला.

पहिल्या वह्यांत वैशाखाची पानं बघितली तर "वाळू उघडी, पलीकडं चालत गेलो" असं सलग चार-पाच दिवस लिहिलेलं आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून ही ओळ नाहीशी होते. उन्हाळ्यात पाणी राहतं. म्हणजे आटली म्हणावं, तर वही उलटं सांगते! पण 2006 नंतरच्या वह्यांत दिवाळीच्या सुमारास पाणी आधीपेक्षा तीनेक पायऱ्या खाली गेलेलं दिसतं, आणि अलीकडच्या दहा वर्षांत तर एकाच आठवड्यात चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली असं चाललंय. आधी असं कधीच नव्हतं, थंडीत आकडा पंधरा-पंधरा दिवस हलायचा नाही.

2005 च्या पुराचं पान आजोबांनी थरथरत्या हातानं लिहिलंय. "पायऱ्या नाहीत." तेवढेच शब्द. त्या वर्षी हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी ठेवणारी ती पेवं, त्यातली कितीतरी परत कधी भरलीच नाहीत.

तर प्रश्न असा: नदीचं पाणी खरंच कमी झालं की वाढलं? आणि कशामुळं? जाणकारांनी सांगावं.

---

कृष्णाघाट_मिरज · रविवार, रात्री 9:48

वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी असं कुणी लिहून ठेवलं असतं तर! वह्यांचे फोटो काढून ठेव बाबा, कागद फार दिवस टिकत नाही.

---

जलमापक_निवृत्त · रविवार, रात्री 10:35

नातू, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. उभी हयात नदीची पातळी वाचण्यात गेली, त्यामुळं त्या एका ओळीची किंमत मला कळते. पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पायरी म्हणजे पातळी. पातळी म्हणजे प्रवाह नव्हे.

खालच्या अंगाच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या घाटावर पाणी चढून थांबतं. पातळी छान दिसते, वाहत काहीच नसतं. तुमच्याकडं उन्हाळ्यात पाणी "राहतं" त्यातलं काही असं थांबलेलं असणार. एक काडी पाण्यात टाकून बघा, ती कुठं जाते त्यावरून कळेल.

प्रवाह मोजायचा म्हणजे नदीचे आडवे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्याची खोली घ्यायची, खोलीच्या सहा दशांशावर करंट मीटर सोडायचं, त्याच्या वाट्या किती फिरल्या ते घड्याळ लावून मोजायचं, त्यावरून वेग, वेग गुणिले क्षेत्रफळ, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज. हे रोज जमत नाही. म्हणून पुष्कळ मोजण्या करून "अमुक पातळी तर तमुक प्रवाह" असा आलेख बांधतात आणि एरवी नुसती पातळी वाचून प्रवाह काढतात. कराड, कोयनेवर वारुंजी, वारणेवर समडोळी, पुढं अर्जुनवाड, कुरुंदवाड इथं केंद्रीय जल आयोगाची मोजणी याच पद्धतीनं चालते.

आता यातली गोम. नदीचा तळ बदलला, गाळ बसला, वाळू उपसली, काठावर भराव पडला, की तो जुना आलेख खोटं बोलायला लागतो. महापुरात तर नाव घालताच येत नाही. म्हणजे सगळ्यात मोठं पाणी हेच सगळ्यात कमी खात्रीनं मोजलेलं असतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2005 ला पाणी 53 फुटांवर गेलं, 2019 ला 57 फुटांवर. म्हणून 2019 ला त्याच हिशेबानं जास्त पाणी वाहिलं, असं लगेच म्हणू नका. पंचगंगेनं खाली वाट अडवून धरली असेल, पूररेषेत बांधकामं वाढली असतील, तर तेवढ्याच पाण्याला जास्त उंची लागते.

---

प्रीतिसंगम_कराड · सोमवार, सकाळी 7:15

काकांनी छान समजावलं. मी कराडची, माहेरही इथलंच. उन्हाळ्यात संगमावर या म्हणजे सगळं एका नजरेत कळेल. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात. मे महिन्यात कृष्णेच्या अंगाला पाणी कोमट, हिरवट, गुडघाभर. कोयनेच्या अंगाला पाय घातला की गारठा थेट पोटरीपर्यंत चढतो, कारण ते धरणाच्या पोटातून आलेलं असतं. लहानपणी आम्ही पोरी डोळे मिटून पायानं ओळखायचो, कुठली कुठली ते. पावसाळ्यात हा फरक राहत नाही, दोन्हीकडून लाल पाणी येतं.

माझी आजी सांगायची, धरणाआधी उन्हाळ्यात कोयनाही बारीक व्हायची. नातूभाऊ, तुमची "पलीकडं चालत गेलो" ही ओळ नाहीशी झाली ना, ती याच गार पाण्यानं पुसली असं मला वाटतं.

---

पाणलोट_विद्यार्थिनी · सोमवार, दुपारी 2:05

मी याच विषयात शिकते, सांगलीचीच आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कराडच्या ताईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. हरिपूरच्या वर कोयना 105.25, वारणा म्हणजे चांदोली 34.4, धोम 13.5, कण्हेर 10.1, उरमोडी 9.97 आणि तारळी 5.85 टीएमसी. ही सहाच धरणं धरली तरी सुमारे 179 टीएमसी पाणी अडवायची सोय झाली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, 11,574 क्युसेकनं (सेकंदाला तितके घनफूट) एक अख्खा दिवस वाहणारं पाणी. एवढी जागा वर तयार झाली की जून-जुलैचं पाणी आधी तिथं साठवलं जातं आणि मग ते डिसेंबर ते मे असं वाटून खाली येतं. वर्षाचा आकडा तोच राहिला तरी महिन्यांचा आकार बदलतो. वहीच्या 1960 च्या दशकातला बदल हा आहे. पाऊस बदलला म्हणून नव्हे, कोयना अडली म्हणून.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. कोयनेचं मोठं पाणी कृष्णेत येतच नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडं जातं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. वर्षभराची सरासरी काढली तर ती 2,140 क्युसेकच्या आसपास येते. आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह पूर्ण चाललं तर आपल्याकडं किती सोडतं? 2,100. म्हणजे पायथ्यातून पूर्ण क्षमतेनं आपल्याकडं जेवढं येतं, जवळजवळ तेवढंच वर्षभर पलीकडं जात असतं. हे चूक की बरोबर यावर मी इथं बोलत नाही, राज्याला वीज लागते. पण नदीच्या हिशेबात ही वजाबाकी धरलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट काळाच्या खिडकीची. बच्छावत लवादानं 1894-95 ते 1971-72 ही 78 वर्षं घेतली आणि चारपैकी तीन वर्षांत भरवशानं मिळणारं पाणी 2,060 टीएमसी धरलं. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादानं 1961-62 ते 2007-08 अशी 47 वर्षं घेतली, आकडा 2,173 आला. नदी तीच, नियम तोच, खिडकी वेगळी. शिवाय दोन्ही आकडे "वापरलेलं पाणी परत त्यात मिळवून" काढलेले आहेत. नदीच्या शेवटाकडं विजयवाड्याला प्रत्यक्ष दिसणारं पाणी यापेक्षा फारच कमी. 2001 ते 2004 च्या कोरड्या वर्षांत तर कृष्णेचं समुद्रात गेलेलं पाणी नगण्य होतं. महाबळेश्वरात उगम पावलेली नदी समुद्राच्या दारात जाऊन संपत होती.

खिडकीचा हा घोटाळा जुना आहे. कैरोजवळ रोडा बेटावर नाईलचं पाणी मोजायचा खांब आहे, पायऱ्या उतरून जायचं आणि पातळी वाचायची, नातूदादांच्या आजोबांसारखंच. इ.स. 622 पासूनच्या नोंदी आहेत तिथल्या. हर्स्ट नावाच्या अभियंत्यानं त्या तपासल्या तेव्हा दिसलं की चांगली वर्षं झुबक्यानं येतात आणि वाईटही झुबक्यानं येतात. म्हणून तुम्ही वही 1972 पासून वाचायला घेतली तर नदी वाढत चाललीय असं वाटेल, आणि 2005 पासून घेतली तर आटत चाललीय असं वाटेल. दोन्ही वेळा रेघ खरी, अर्थ चुकीचा.

मग पावसाचा आणि माणसाचा वाटा वेगळा कसा करायचा? साधी युक्ती आहे. पावसाची दरवर्षी भर घालत बेरीज करा, प्रवाहाचीही तशीच करा आणि एकासमोर एक मांडा. पाऊस आणि पाणी यांचं नातं टिकून असेल तोवर रेघ सरळ जाते. जिथं वाकते, तिथं पावसाव्यतिरिक्त काहीतरी घडलंय. मात्र पाऊस कुठला घ्यायचा हे सांभाळून. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि सांगलीत सहाशेच्या आसपास. सांगलीच्या पावसावरून कृष्णेचा पूर सांगता येत नाही.

---

येरळाकाठ · सोमवार, रात्री 8:30

ताई, तुमचं सगळं बरोबर हाय, पण ते कृष्णेचं झालं. तिला घाट हाय, धरण हाय. आमच्या येरळेचं बघा. खटावातनं निघते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर धरणातनं सोडायला पाणीच नाही, त्यामुळं खरं काय झालं ते इथं उघडं दिसतं.

माझा बा सांगायचा, दिवाळीपातूर येरळा वाहायची. नंतर वरनं कोरडी दिसली तरी वाळूत हातभर झरा काढला की पाणी. त्यावर बैलं प्यायची, त्यावरच कपडे धुवायचे. ती वाळू म्हंजे आमची टाकी हुती. पावसाळ्यात भरायची आणि हळूहळू काठच्या विहिरींना द्यायची. वाळू गेली ट्रकानं. खाली उघडा खडक राहिला. आता पाऊस पडला की पाणी दोन दिवसांत निघून जातंय, आणि तिसऱ्या दिवशी नदी कोरडी.

वरनं बोअर. आमच्याकडं काळा पाषाण, त्याच्या भेगांत जे काय असंल तेवढंच पाणी. आधी विहीर चाळीस फूट हुती. एकानं बोअर मारलं, मग शेजाऱ्यानं त्याच्या खाली मारलं. विहिरीचं पाणी खाली गेलं की नदीला पाझर कुठनं येणार? उलटं नदीचंच पाणी जमिनीत वढलं जातंय. पाऊस कमी झाला म्हणून येरळा आटली असं लोकं म्हणत्यात. पाऊस आमच्याकडं कधी जास्त हुता?

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात, तांदूळवाडी-बलवडीत, लोकांनी बळीराजा धरण बांधलं ते याच दुखण्यातनं. वाळू लुटली जातीया हे बघून लोकं उभी राह्यली, आणि पाणी प्रत्येक घराला सारखं, ज्याला जमीन नाही त्यालाबी, असं ठरवलं. मी तवा ल्हान हुतो. बा खांद्यावर बसवून दाखवायला घेऊन गेला हुता.

आता टेंभू, ताकारी या उपसा योजनांचं आवर्तन (पाळीनं सोडलेलं पाणी) आलं की ओढ्यानाल्यांत पाणी दिसतं. कृष्णेचं पाणी उचलून आमच्या नदीत! लई उपकार झालं, खोटं कशाला बोलू. पण उद्या कुणी येरळेवर मोजणी लावली आणि "नदी सुधारली" असं लिहिलं, तर ते येरळेचं पाणी नव्हं. पावत्या बघा, ते विजेवर चढवलेलं पाणी हाय.

---

पाणलोट_विद्यार्थिनी · सोमवार, रात्री 9:02

काका, "वाळू म्हणजे टाकी" हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. पाऊस नसताना नदीत जे वाहतं तो जमिनीनं परत दिलेला पाझर असतो, आणि आपल्या बसाल्टमध्ये ती साठवण मुळातच उथळ आहे. त्यामुळं उपसा वाढला की सगळ्यात आधी उन्हाळ्याचा प्रवाह मरतो, पुराला त्याचा फारसा फरक पडत नाही.

---

वाळवा_आडसाली · सोमवार, रात्री 10:11

ऊस लावणारा म्हणून लिहितो. दरवेळी बोट आमच्याकडं येतं आणि त्यात खरंही आहे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. एक अख्खा उन्हाळा तो पाणी पितो आणि पानांवाटे हवेत सोडतो. हवेत गेलेलं पाणी नदीत परत येत नाही. पाटानं सोडलेल्यातलं काही जमिनीतून नदीला परत मिळतं, हेही खरं. पण ते येताना मीठ घेऊन येतं. आमच्या वडिलांचा सव्वा एकर चोपण झाला, आज तिथं फक्त कुंदा उगवतो. त्या तुकड्याकडं बघितलं की पोटात तुटतं.

मी तीन वर्षांपूर्वी ठिबक केलं. पाणी निम्म्याच्या जवळ आलं. पण वाचलेल्या पाण्यावर मीच आणखी दीड एकर ऊस लावला. म्हणजे नदीच्या हिशेबात काय वाचलं? ताईंनी सांगावं.

आणि कराडच्या ताईंना एक सांगायचंय. नदीतून पाणी उचलणं आजचं नाही. तुमच्या शेजारचा खोडशीचा बंधारा आणि त्याचा कालवा इंग्रजांच्या काळातला. फरक एवढाच, तेव्हा पाणी उताराला जायचं, आता मोटर लावून डोंगरावर जातं.

---

पाणलोट_विद्यार्थिनी · सोमवार, रात्री 10:40

दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत. उत्तरही तसंच देते. वाचलेलं पाणी नव्या पिकाला गेलं तर नदीला काही मिळत नाही, उलट आधी जमिनीतून परत येणारा पाझरही कमी होतो. तुमचं उत्पन्न वाढलं ते चांगलंच झालं. पण धोरण ठरवणाऱ्यांनी ठिबकाखालचं क्षेत्र मोजून नदी वाचली असं समजू नये.

---

सह्याद्री_पाऊस · मंगळवार, सकाळी 8:20

सगळे धरण आणि ऊस बोलताहेत, हवामानाचं कुणी नीट बोलत नाही. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. सांगलीत वर्षभरात पडतो तेवढा एका दिवसात! हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळं पडतो तेव्हा कोसळतो. 2021 मध्ये जगभरातल्या 7,250 ठिकाणच्या 1971 ते 2010 च्या प्रवाहनोंदी तपासून एक अभ्यास आला. कुठं नद्या वाढल्या, कुठं घटल्या, ही जगाच्या नकाशावरची रचना नुसत्या धरण-उपशानं समजत नाही, हवामानबदल धरला तरच जुळते, असा त्याचा निष्कर्ष होता.

---

पाणलोट_विद्यार्थिनी · मंगळवार, सकाळी 9:10

मान्य. मात्र जगाच्या नकाशाला लागू पडतं ते एका घाटाला तसंच लागू पडत नाही. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 मध्ये तिपटीनं वाढल्याचं दाखवलं गेलंय, पण तो मध्य भारत झाला, आपला कोयनेचा पाणलोट नव्हे. आपल्याकडं हवामानाचा हात पुराच्या टोकांवर शोधावा, आणि उन्हाळ्याच्या पाण्यात आधी धरणाचं वेळापत्रक बघावं, असं माझं मत. 2023 ला कोयना भरली नाही आणि त्या हिवाळ्यात सांगलीत पात्र उघडं पडलं, तेव्हा पाऊस आणि वाटप दोन्ही एकत्र आले होते. तिथं एकाला दोष देऊन भागत नाही.

चीनची पिवळी नदी 1997 मध्ये 226 दिवस समुद्राला मिळाली नव्हती. पाऊसही कमी होता आणि उपसाही बेसुमार. 1999 पासून संपूर्ण नदीचं वाटप एका हाती घेतलं आणि नंतर ती तशी तुटली नाही. पाऊस त्यांच्या हातात नव्हता. वाटप होतं.

---

दत्तनगर_सांगली · मंगळवार, दुपारी 1:30

2019 ला आमच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. खालच्या अंगाला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करणार म्हणतात, त्यावर कुणीच कसं लिहीत नाही?

---

संपादक · मंगळवार, दुपारी 1:55

दत्तनगर, तुमचं नुकसान इथं सगळ्यांना माहीत आहे आणि प्रश्न महत्त्वाचा आहे. धरणामुळं मागं चढणाऱ्या पाण्यावर, म्हणजे फुगवट्यावर, आधीच मोठा धागा सुरू आहे, तिथं नक्की लिहा. इथं वहीवर राहू.

---

जलमापक_निवृत्त · मंगळवार, सायंकाळी 6:45

नातू, दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्ही लिहिलंत, 2006 नंतर दिवाळीला पाणी तीन पायऱ्या खाली. अचानक तीन. नदी अशी एका वर्षात तीन पायऱ्या खाली बसत नाही, बसली तर हळूहळू बसते. आजोबा पायऱ्या वरून मोजायचे. महापुरानंतर घाटाची दुरुस्ती झाली होती का? आम्ही मोजपट्टी बसवली की आधी तिचा शून्य कुठंतरी न हलणाऱ्या दगडाला बांधून ठेवायचो. तुमच्या घाटाचा शून्य कुठला?

---

हरिपूरचा_नातू · बुधवार, सकाळी 8:05

काका, काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही.

घाटाच्या एका पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे. जुन्या वह्यांत "कासव बुडालं", "कासव उघडं" असं वारंवार येतं, आणि 1963 च्या एका पानावर आजोबांनी लिहिलंय, "कासवाची पायरी वरून चौदावी." पहाटे उठून मोजली. आज ती वरून सतरावी आहे.

आईला विचारलं. 2006 ला वरचा काठ खचला होता तो बांधताना गवंड्यानं वर तीन पायऱ्या वाढवल्या. वडिलांनी नव्या वरच्या पायरीपासून मोजायला सुरुवात केली, त्यांना ते लिहून ठेवायचं सुचलं नाही. म्हणजे दिवाळीच्या पाण्याची घट नव्हतीच. 2006 नंतरच्या सगळ्या आकड्यांतून तीन वजा केले तर तो भाग 2006 च्या आधीच्या वीस वर्षांसारखाच दिसतो. वैशाखाची वाळू नाहीशी झाली ती मात्र तशीच राहते. आणि अलीकडची आठवड्यातली चढउतारही राहते, त्यातली बरीच आवर्तनाच्या तारखांशी जुळते, बाकीची अजून जुळवतोय.

कासवापासून सगळ्या वह्या परत मोजायला घेतल्यात. काकांनी सांगितल्याप्रमाणं काडीही टाकली, ती जागच्या जागी फिरत राहिली. आजची नोंद अशी केली: "कासवाखाली उघड्या पायऱ्या 2. निवळ. खालच्या बंधाऱ्याला बरगे आहेत. कोयना पायथा 2,100. काडी हलली नाही."